विलासभाऊ, तो आवाज तुम्ही दाबला नव्हता

विलासभाऊ,

तेरवी झाली तुमची. फोटोले हार घातला, जेवणं झाली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, अन् मी अजून तुमाले सांगितलंच नाही. पाच वर्षं तुमच्यापुढं एवढी बडबड केली मी, अन् जे एक वाक्य बोलाचं होतं ते दोन महिने तोंडात धरून फिरली. त्यानंच थकली, भाऊ. रडून नाही थकली. तेवढं रडलीही नाही.

म्हणून पहिले सांगूनच टाकते, नाहीतर मी अशी की इकडचं तिकडचं सांगत बसीन अन् हे राहूनच जाईल. पंप कंपनीच्या डीलर मीटमध्ये आवाज दबला, साहेबाचं भाषण कोणाले समजलं नाही, अन् आपल्या साऊंडवाल्या सेठनं सगळ्यांपुढं तुमाले म्हटलं की तुमचे कान गेले. ते तुमचं नव्हतं. माझं होतं.

झालं. लिहिलं. आता बाकीचं.

मी टाईप किती फास्ट करते माहित आहे नं तुमाले. शोहून घरी पोचल्यापोचल्या एवढा लंबा मेसेज, आज त्या अँकरनं चीफ गेस्टचं नावच चुकवलं भाऊ, आज तो मॅनेजर माईक पोटाजवळ धरून म्हणते आवाज येऊन नाही राहिला, पाहिलं का तुम्ही, अन् तुमचं उत्तर एक अंगठा. बस. पाच वर्षांत तुमचा एक मेसेज नाही माझ्या फोनवर ज्याच्यात शब्द आहे. परवा वरपासून खालपर्यंत पाहिलं मी. अंगठे, अंगठे, अन् एकदा चुकून आलेला टरबुजाचा फोटो.

पहिला दिवस आठवते का? वर्धा रोडवरच्या हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, पोरं खुर्च्यांवर पांढरे कपडे चढवून राहिले होते. डिप्लोमा झाल्यावर पहिलीच नोकरी माझी. तुम्ही म्हणाले स्टेजवर जाऊन माईक तपास. मी गेली, छाती फुगवून म्हटलं, चेक चेक, वन टू थ्री. तुम्ही मिक्सर सोडून पार शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. शेवटच्या खुर्चीले ऐकू आलं तं सगळ्यांले आलं, हे तुमचं नेहमीचं. तिथून ओरडले.

"काय वं रोशनी, इथं साहेब येऊन वन टू थ्री म्हणणार आहे का?"

"मग काय म्हणू?"

"बोल काहीतरी. माणूस बोलते तसं. घरी काय चालू आहे ते सांग."

"घरचं? माईकवर?"

"हॉल खाली आहे. कोण ऐकून राहिलं?"

मग मी सांगितलं. की आई दोन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिली. म्हणते, एवढी शिकली अन् पोरगी लोकांचे स्पीकरचे डब्बे उचलाले चालली. अन् एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आपलाच रडका आवाज चारही बाजूनं अंगावर येते तं कसंतरीच होते. तुम्ही मागून काय म्हणाले?

"'स' टोचते. 'प' फुटते. माईक थोडा खाली घे अन् पुढं सांग."

मले एवढा राग आला होता त्या दिवशी! जेवताना तुम्ही समजवलं, हॉटेलच्या मागच्या बाजूले स्टाफसोबत वरण-भात खाताना. की वन टू थ्रीमध्ये 'स' नाही, 'श' नाही, 'प' नाही, त्याच्यावर माईक लावला तं साहेब 'सर्वप्रथम' म्हणाले की फसलो आपण. माणसाच्या बोलण्यात सगळं असते. मन लावून बोलला तं अजून जास्त असते. म्हणून बोलाचं.

मग काय, मले तं तेच पाहिजे होतं. दर शोले माझं आख्यान. स्कूटी पंक्चर झाली ते, आईच्या मोतीबिंदूचं, भाड्याचं घर बदललं ते, मले पाहाले आलेला पोरगा म्हणे लग्नानंतर स्पीकर उचलणं बंद, ते. बबलू शिडीवर चढून लाईट बांधता बांधता सगळं ऐके. वाढपी पोरं थांबून ऐकत. एका कंपनीची एचआर मॅडम लवकर आली होती तं ती चक्क खुर्ची ओढून बसली अन् म्हणाली, मग पुढं काय झालं? तुम्ही मात्र मागून तेच. 'श' बरोबर आहे. मधला आवाज थोडा कमी कराले लागते. चल, पुढं.

त्याच्यावरून आपलं भांडण. कन्हानहून टेम्पोत येताना झालं होतं ते.

"तुम्ही माझं ऐकतच नाही भाऊ. मी लग्न मोडल्याचं सांगून राहिली होती अन् तुम्ही म्हणता मधला आवाज कमी कराले लागते."

"साऊंडवाला बोलणं ऐकत बसला तं आवाज सुटते त्याच्या हातून."

"मग माझं ऐकते कोण?"

"बबलू ऐकते नं. शिडीवर बसून, फुकटात."

बबलू मागं स्पीकरले टेकून झोपला होता. डोळे न उघडता म्हणाला, "पोरगा बेकारच होता वं तो."

हसलो आपण. पण भांडण मिटलं नव्हतं, भाऊ. माझ्या मनात ते होतंच. की या माणसाले माझा 'स' माहित आहे, माझा 'प' माहित आहे, मी माहित नाही.

अन् मग तुमचे कान.

मागच्या वर्षी सिमेंट कंपनीचा अवॉर्डचा कार्यक्रम होता. मी स्टेजच्या बाजूनं पाहून राहिली होती, पहिल्या रांगेतली एक बाई सारखी तोंड वाकडं करे. निवेदिका 'स' म्हणाली की बाईचं तोंड वाकडं. जेवणाच्या सुट्टीत मी समोर जाऊन उभी झाली अन् ऐकलं. स्टीलच्या ताटावर चमचा घासल्यासारखं. तुम्ही असं कधीच लावत नव्हते. अन् तुम्हीच शिकवलं होतं मले, वय झालं की कानातून पहिले वरचा आवाज जाते, तो बारीक, धारदार. मग माणसाले वाटते आवाज मेलेला आहे अन् तो वर चढवतच जाते.

समजलं मले. पण सांगू कशी? स्वयंपाकी माणसाले कोणी सांगते का की तुमाले आता मीठ समजत नाही म्हणून?

तं मी शहाणपणा केला. तुमचा मिक्सर हॉलच्या मागं, मी स्टेजच्या बाजूले स्पीकरच्या मागं, प्रोसेसरच्या डब्ब्यापाशी. मिक्सरमधून निघालेला आवाज त्या डब्ब्यातून जाऊनच स्पीकरमध्ये जाते. तुम्ही वरचा आवाज जेवढा चढवत होते तेवढा मी त्या डब्ब्यात उतरवाले लागली. सेटिंगच सेव्ह करून टाकली. एक बटण. शोच्या पहिले बटण दाबलं की काम झालं. लोक खुश, सेठ खुश, तुमाले पत्ता नाही. अन् मी मनात म्हणे, पाहा, मी भाऊची इज्जत राखून राहिली.

पंप कंपनीच्या दिवशी मले घाई होती. आई डोळ्याच्या दवाखान्यात बसून होती अन् दर पाच मिनटाले फोन करे. मी स्टेजवर गेली अन् म्हटलं, चेक चेक, वन टू, झालं भाऊ.

"बोल नं काही."

"आज नाही भाऊ. घाई आहे."

तुम्ही मिक्सरकडं वळले. मी खाली उतरली, डब्ब्याचं बटण दाबलं अन् फोन उचलला.

साहेब बोलाले उभे झाले. हॉल भरून डीलर. थोड्या वेळानं मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, समजून नाही राहिलं!" तुम्ही आवाज वाढवला तं शिटी वाजली. कमी केला तं पुन्हा तेच. कोणी तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारखं. मी स्पीकरच्या मागं, तिथं तं रोजच सगळं दबलेलं ऐकू येते, म्हणून मले समजेचना काय झालं. वरचा आवाज ऐकणारे कान माझे, अन् ते स्पीकरच्या मागं. समोर तुम्ही. शेवटी साहेबानं माईक टेबलावर ठेवून दिला अन् तसेच बोलले, गळा ताणून. लोक हसून राहिले होते.

सेठ मिक्सरपाशी आला. कंपनीवाले उभे, हॉटेलवाले उभे, बबलू, मी, सगळे.

"विलासभाऊ, अब कान गए आपके. मान लो."

तुम्ही हेडफोन काढून गळ्यात घेतला. "हो सेठ. माझंच चुकलं."

माझ्याकडं पाहिलंही नाही तुम्ही. पाहिलं असतं तं मी बोलली असती, असं मी स्वतःले सांगत असते. खरं आहे का माहित नाही.

आता जे सांगून राहिली ते कोणालेच सांगितलं नव्हतं. सामान भरताना मिक्सर बंद कराले मी गेली. स्क्रीनवर वरच्या आवाजाची रेघ सरळ होती. सपाट. तुम्ही काही चढवलंच नव्हतं त्या दिवशी. म्हणजे चांगला भला आवाज मी डब्ब्यात कापून टाकला होता. एक सेकंद पाहिली मी ती रेघ, भाऊ, अन् स्विच बंद केला. मनाले सांगितलं, शो झाल्यावर भाऊनंच सपाट केली असेल.

सेठनं तुमाले गोडाऊनवर बसवलं. मिक्सर मले दिला.

हे लिहाले एवढा वेळ लागला मले, मी, जी एवढी फास्ट टाईप करते. मिक्सर मले दिला. मी घेतला.

एकदा गोडाऊनवर आली होती मी, सांगाले म्हणूनच. तुम्ही वायरींले पट्ट्या चिकटवून राहिले होते, लाल लांब वायरीले, पिवळी छोटीले. मान वर न करता म्हणाले, "बोल." मी म्हणाली, "काही नाही भाऊ, अशीच आली." तुम्ही म्हणाले, "शोच्या पहिले जेवून घेत जा. मिक्सरवर बसलं की उठता येत नाही." मी हो म्हणाली अन् निघून गेली.

अन् मग एका सकाळी तुमच्या घरून काकूचा फोन. त्याच्याबद्दल नाही लिहीत. तुमाले माहित आहे, अन् मले लिहिणं होत नाही.

तेरवीले काकूनं मले आत बोलावलं. तुमचा तो रेक्झिनचा पाऊच दिला. त्याच्यात पेन ड्राईव्ह अन् चार घड्या घातलेला कागद. काकू म्हणे, "हे पाहाय वं काय आहे, ग्राफ आहे म्हणत होते, तुलेच समजंल." कान तपासल्याचा कागद होता. डावीकडून रेघ चांगली सरळ येते अन् शेवटी घसरगुंडी. आपल्या मिक्सरच्या स्क्रीनसारखीच दिसते. अन् वरची तारीख डीलर मीटच्या दोन दिवस पहिलेची.

म्हणजे तुमाले समजलं होतं. तुम्ही गुपचूप जाऊन तपासून आले होते, अन् ठरवलं होतं की आपल्या कानावर आता भरोसा नाही, वरच्या आवाजाले हातच लावाचा नाही. बरोबर केलं होतं तुम्ही. एकदम बरोबर. तुम्ही मले नाही सांगितलं, मी तुमाले नाही सांगितलं, दोघंही एकमेकाले जपून राहिलो होतो, अन् त्याच्यात भाषण गेलं साहेबाचं. अन् तुम्ही गेले गोडाऊनवर.

दुसऱ्या दिवशी तो पेन ड्राईव्ह मिक्सरले लावला. प्रत्येक शोची सेटिंग तुम्ही त्याच्यात सेव्ह करून ठेवली होती. मले वाटलं कंपन्यांची नावं असतील. लोक तसंच करते. मी यादी उघडली. इंग्रजी अक्षरात, बसतील तेवढीच अक्षरं, पण आपलीच भाषा. रोशनी आई अबोला. रोशनी पंक्चर. रोशनी मोतीबिंदू. रोशनी घर बदल. रोशनी लग्न मोड. रोशनी खुश. पुन्हा रोशनी खुश. एक होतं रोशनी ताप, मले आठवतही नव्हतं मी तापात आली होती.

पाच वर्षं. यादी खाली खाली जातच राहिली.

ऐकत होते तुम्ही. सगळंच ऐकत होते, अन् मले म्हणत होते 'स' टोचते. गोडाऊनमध्ये डब्ब्यावर बसून मी हसली की रडली ते सांगता येत नाही. मी येडी, भैताड, पाच वर्षं भांडत राहिली.

सगळ्यात शेवटचं नाव होतं रोशनी घाईत. ती उघडली, शोच्या पहिलेच सेव्ह केलेली. रेघ सपाट.

मग मी खापरखेड्याले गेली, काकूकडं. दुपारची वेळ होती. सगळं सांगितलं, बटणापासून रेघेपर्यंत. काकू निवडत होत्या तांदूळ, हात थांबला.

"म्हणजे कान गेलेच नव्हते त्याईचे?"

"वरचं ऐकणं गेलं होतं काकू. पण त्या दिवशी त्यांनी बरोबर लावलं होतं. मी बिघडवलं."

"अन् तुले माहित होतं?"

"शंका होती."

"शंका होती म्हणते!" काकू उठल्या, खिडकीतला रेडिओ आणून माझ्यापुढं आपटला. "रोज सकाळी हा कानाले लावून बसत. चहा थंडा होऊन जाय. म्हणत, या रेडिओतला माणूस बोलते ते मले समजते, मग त्या दिवशी मी ऐकलं तरी काय? रोज हेच, रोज हेच. अन् तू येऊन जात होती वं घरी. पोहे खाऊन जात होती."



"मी चूक केली काकू."

"मले नको सांगू. जिथं बोलले त्याईले, तिथं जाऊन सांग. सगळ्याईपुढं बोलले नं? सगळ्याईपुढंच सांग."

काकूनं तांदूळ पुन्हा निवडाले घेतला. मी तशीच निघाली.

काल मिहानमध्ये शो होता. कॉम्प्युटरवाल्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम. दुपारी हॉल खाली, खुर्च्या लागून राहिल्या, बबलू शिडीवर, सेठ पहिल्या रांगेत फोनवर. मी डब्ब्यातलं माझं ते सेव्ह केलेलं सेटिंग काढून टाकलं. पुसूनच टाकलं. मग स्टेजवर गेली अन् माईक हातात घेतला.

म्हटलं, मी रोशनी. पंप कंपनीच्या शोमध्ये आवाज विलासभाऊनं नाही दाबला. त्यांची सेटिंग बरोबर होती. मी त्यांना न विचारता प्रोसेसरमध्ये वरचा आवाज कापत होती, सात-आठ महिने, अन् त्या दिवशीही कापला. सेठ, तुम्ही त्यांना कान गेले म्हणाले तेव्हा मी तिथंच उभी होती अन् चूप राहिली. त्यांची जागा घेतली मी.

सेठनं फोन कानापासून काढला. "ये क्या लगा रखा है? चेक कर."

"चेकच करून राहिली सेठ."

खुर्च्या लावणारे पोरं थांबले. शिडीवरचा पान्ह्याचा आवाज थांबला.

"तो अब क्या करूं मैं? आदमी तो गया."

"काकूले फोन करा. तुम्ही बोलले होते, तुम्हीच सांगा."

सेठ उठला अन् दारातून बाहेर निघून गेला. त्यानं फोन केला का, मले माहित नाही. मिक्सर माझ्याजवळ राहील का, तेही माहित नाही. बबलू शिडीवरून उतरला, स्टेजपाशी आला. म्हणाला, "मी दीड महिना त्याईले बहिरे भाऊ, बहिरे भाऊ करून चिडवलं वं. गोडाऊनवर जाऊ जाऊ चिडवलं. हसत होते ते." मग पुन्हा वर चढला. लाईट बांधाचे बाकी होते.

मी शेवटच्या रांगेत जाऊन बसली. एका पोराले म्हटलं, जा, माईकवर बोल काहीतरी. तो म्हणाला वन टू थ्री का? मी म्हटलं नाही, घरी काय चालू आहे ते सांग. तो लाजला, मग सांगाले लागला. त्याच्या बहिणीनं काल नवीन कुत्रं आणलं म्हणे. 'स' टोचत नव्हता. वरचा आवाज जसा आहे तसाच ठेवला मी, हात नाही लावला.

मग मिक्सरपाशी येऊन सेटिंग सेव्ह कराले घेतली. मिक्सरनं नाव विचारलं. मी तुमच्यासारखंच इंग्रजी अक्षरात टाकलं, रोशनी बोलली.